जठराच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि लसिका ग्रंथींचा आकडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, काही दिवसांनी हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात येतो आणि नजर एका ओळीवर अडकते: ‘तपासलेल्या लसिका ग्रंथी २२, बाधित ४’. आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न याच ओळीबद्दल असतात. खाली ते सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एखादा मुद्दा आधीच येऊन गेला असेल तर तो पुन्हा न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उपचारांचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. रिपोर्ट वाचायचा कसा, एवढंच इथे सापडेल.

१. रिपोर्टमध्ये २२ गाठी लिहिल्यात. म्हणजे २२ ठिकाणी कॅन्सर होता का?

नाही. लसिका ग्रंथी प्रत्येकाच्या शरीरात जन्मापासून असतात. जठराच्या भोवतीच्या चरबीत त्या रक्तवाहिन्यांच्या कडेने विखुरलेल्या असतात आणि जठराकडून येणारा लसिकाद्रव गाळतात. ‘तपासलेल्या २२’ म्हणजे काढलेल्या भागात सापडलेल्या एकूण ग्रंथी. त्यातल्या ज्यांत कॅन्सरच्या पेशी दिसल्या त्या ‘बाधित’ किंवा ‘पॉझिटिव्ह’. ‘२२ पैकी ४’ याचा अर्थ १८ ग्रंथी स्वच्छ निघाल्या.

२. कॅन्सर जठरात होता, मग ग्रंथी कशाला काढल्या?

दोन कारणं. जठराचा कॅन्सर पसरायला लागला की बहुधा आधी याच ग्रंथींत जातो, म्हणून त्या काढणं हा उपचाराचाच भाग असतो. दुसरं, कॅन्सर किती पुढे गेला आहे याचा पक्का पुरावा सूक्ष्मदर्शकाखालीच मिळतो.

ग्रंथींच्या जागांना जपानी सर्जननी क्रमांक दिले आणि जगभर तेच वापरले जातात. १ ते ६ जठराला चिकटून, ७ डाव्या जठर-धमनीपाशी, ८ ते १२ यकृत आणि प्लीहा यांच्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या आसपास, आणि १६ पाठीच्या कण्यासमोरच्या महाधमनीजवळ. जठराजवळच्या ग्रंथी आणि ७ क्रमांक काढले की ‘डी१’. त्यापुढे जाऊन धमन्यांभोवतीच्या ठरावीक ग्रंथीही काढल्या की ‘डी२’. ऑपरेशन नोटमध्ये यांपैकी काय लिहिलं आहे ते जरूर बघा, कारण पुढच्या अनेक उत्तरांत त्याचा संबंध येतो.

३. एन१, एन२, एन३ म्हणजे किती ग्रंथी?

कॅन्सरची स्टेज टीएनएम वर्गीकरणाने ठरते: टी म्हणजे जठराच्या भिंतीतली खोली, एन म्हणजे लसिका ग्रंथी, एम म्हणजे दूरचा प्रसार. सध्याच्या, म्हणजे आठव्या आवृत्तीत, एन ठरतो तो फक्त बाधित ग्रंथींच्या संख्येवर:

एन०: एकही नाही
एन१: १ ते २
एन२: ३ ते ६
एन३ए: ७ ते १५
एन३बी: १६ किंवा जास्त

ग्रंथी केवढी मोठी होती याने एन बदलत नाही. जठराच्या परिसरातली असेल तर नेमकी कुठली होती यानेही नाही. परिसराबाहेरच्या ग्रंथी मात्र वेगळ्या मोजतात. महाधमनीजवळच्या, स्वादुपिंडामागच्या किंवा आतड्याच्या पडद्यातल्या ग्रंथीत कॅन्सर निघाला तर तो दूरचा प्रसार, म्हणजे एम१, धरला जातो.

४. ‘किमान १६ ग्रंथी तपासाव्यात’ असं सगळीकडे वाचतो. १६च का?

यामागे साधं गणित आहे. एन३बी म्हणायला १६ बाधित ग्रंथी लागतात. एकूण १२च तपासल्या असतील तर त्या सगळ्याच्या सगळ्या बाधित असल्या तरी रिपोर्ट एन३एच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून १६ ही किमान मर्यादा आणि ३० किंवा जास्त असतील तर उत्तम, अशी आठव्या आवृत्तीची शिफारस आहे.

आता १५ ग्रंथी म्हणजे नापास आणि १६ म्हणजे पास, असं मात्र शरीर मानत नाही. आकडा वाढतो तसा रिपोर्टवरचा भरवसा हळूहळू वाढतो.

५. बाधित ग्रंथी चारच आहेत. मग एकूण किती तपासल्या याने काय फरक पडतो?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

बाधित ग्रंथींचा आकडा आजाराबद्दल सांगतो. एकूण तपासलेल्यांचा आकडा त्या पहिल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते सांगतो. दुसऱ्याशिवाय पहिला म्हणजे अर्धीच बातमी.

उदाहरण घेऊ. समजा कॅन्सर जठराच्या भिंतीत टी३ खोलीपर्यंत गेला आहे (टी१ सर्वांत उथळ, टी४ सर्वांत खोल). काढलेल्या भागात एकूण ३६ ग्रंथी आहेत आणि त्यातल्या ८ बाधित आहेत. सगळ्या शोधल्या तर हा रुग्ण एन३ए, स्टेज ३बी. पण त्याच भागातून १२च ग्रंथी हाती लागल्या आणि त्यात ३ बाधित निघाल्या, तर कागदावर तो एन२, स्टेज ३ए. माणूस तोच, आजारही तोच, फक्त स्टेज खाली आली. यालाच स्टेज सरकणं म्हणतात.

याचा एक गमतीदार परिणाम आकडेवारीत दिसतो. कसून शोध घेणाऱ्या ठिकाणी असे रुग्ण ३एमधून ३बीमध्ये जातात. ३एमधून तुलनेने वाईट आजाराचे लोक निघून गेल्याने त्या गटाचा निकाल सुधारतो. ३बीमध्ये आलेले लोक तिथल्या आधीच्या लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असल्याने त्याचाही निकाल सुधारतो. दोन्ही गट सुधारले, पण एकही माणूस जास्त जगला नाही! अमेरिकी विनोदकार विल रॉजर्स यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या आकडेवारीत तो दाखवून दिला. म्हणून दोन रुग्णालयांचे किंवा दोन देशांचे ‘स्टेजनुसार निकाल’ शेजारी ठेवण्याआधी दोन्हीकडे सरासरी किती ग्रंथी तपासल्या जातात हे विचारावं.

६. मग आमच्या आकड्यावरून पाच वर्षं जगण्याची शक्यता किती?

एन एकटा हे सांगत नाही. तो टीसोबत, म्हणजे भिंतीतल्या खोलीसोबत, वाचावा लागतो. आठवी आवृत्ती ज्या आंतरराष्ट्रीय माहितीवर बेतली आहे, तीत ऑपरेशननंतर पाच वर्षं हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे असं होतं: १ए मध्ये ९४ टक्के, १बी मध्ये ८८, २ए मध्ये ८२, २बी मध्ये ६८, ३ए मध्ये ५४, ३बी मध्ये ३६ आणि ३सी मध्ये १८.

ग्रंथींचं वजन किती, ते टी३ धरून पाहा. एन० असेल तर २ए, एन१ तर २बी, एन२ तर ३ए, एन३ए तर ३बी आणि एन३बी तर ३सी. भिंतीतली खोली तीच राहिली तरी ग्रंथींमुळे रुग्ण ८२ टक्क्यांच्या गटातून १८ टक्क्यांच्या गटात जाऊ शकतो.

पण हे आकडे डोळे झाकून स्वतःला लावू नका. ही माहिती बहुतांश जपान आणि कोरियातल्या रुग्णांची, ऑपरेशनआधी केमो न घेतलेल्यांची. शिवाय टक्केवारी गटाची असते. ५४ टक्क्यांच्या गटातला एक माणूस ५४ टक्के जगत नाही.

७. आमच्याकडे ९च ग्रंथी सापडल्या. सर्जननी नीट काढल्या नाहीत का?

तसं असू शकतं, पण लगेच सर्जनवर ठपका ठेवू नका. आकडा तीन ठिकाणी ठरतो: रुग्णाच्या शरीरात, ऑपरेशनच्या टेबलावर आणि पॅथॉलॉजीच्या टेबलावर.

काहींच्या शरीरात ग्रंथी मुळातच कमी किंवा बारीक असतात. संपूर्ण जठर काढलं तर जास्त मिळतात, खालचाच भाग काढला तर कमी. डी१पेक्षा डी२मध्ये जास्त.

तिसरं टेबल लोकांच्या लक्षातच येत नाही. फॉर्मॅलिनमध्ये घट्ट झालेल्या चरबीचे पातळ काप करायचे, प्रत्येक काप बोटांनी दाबून चाचपायचा, कठीण कण लागला की तो वेगळा काढायचा, असं हे काम चालतं. कित्येक ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात आणि चरबीच्याच रंगाच्या. पाच मिलिमीटरपेक्षा लहान ग्रंथींतही कॅन्सर सापडतो, त्यामुळे मोठ्या तेवढ्या वेचून भागत नाही. हेच काम वीस मिनिटांत उरकलं तर एक आकडा येतो, तास-दीड तास दिला तर दुसरा. जपानमध्ये ऑपरेशननंतर सर्जन स्वतःच ताज्या भागातून क्रमांकानुसार ग्रंथी वेगळ्या करून, वेगवेगळ्या लेबलखाली पाठवतात. तिथले आकडे मोठे असण्याचं हे एक मोठं कारण आहे. ग्रंथी चटकन दिसाव्यात म्हणून काही ठिकाणी मिथिलीन ब्लूसारखा रंगही वापरतात.

८. कमी सापडल्या असतील तर पुन्हा शोधता येतात का?

हो, आणि हे वेळेत विचारायला हवं. काढलेला भाग प्रयोगशाळा रिपोर्टनंतर काही आठवडेच जपून ठेवते. तेवढ्यात डॉक्टरांमार्फत ‘उरलेल्या चरबीत पुन्हा ग्रंथी शोधाव्यात’ अशी विनंती करता येते. जादा ग्रंथी मिळाल्या तर पुरवणी रिपोर्ट येतो. सगळं स्वच्छ दाखवणारा पण ग्रंथी कमी असलेला रिपोर्ट असेल (प्रश्न १० पाहा), तर ही विनंती करण्यात संकोच नको.

केवळ आकडा वाढवायला पुन्हा पोट उघडणं मात्र सहसा केलं जात नाही. जोखीम मोठी आणि मिळकत अनिश्चित.

९. जास्त ग्रंथी काढल्या की जास्त आयुष्य, असं सरळ आहे का?

एका मर्यादेपर्यंत. पुढे नाही.

नेदरलँड्समध्ये डी१ आणि डी२ यांची थेट तुलना झाली. सुरुवातीचे निकाल डी२च्या विरोधात गेले: ऑपरेशननंतरचे मृत्यू डी१मध्ये ४ टक्के, तर डी२मध्ये १० टक्के. पण त्या काळी डी२ करताना प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूटही अनेकदा काढत, आणि गुंतागुंतीचं मोठं कारण तेच होतं. २०१० मध्ये १५ वर्षांचे निकाल आले तेव्हा जठराच्या कॅन्सरने झालेले मृत्यू डी१मध्ये ४८ टक्के आणि डी२मध्ये ३७ टक्के दिसले. आज अनुभवी हातांनी, प्लीहा आणि स्वादुपिंड राखून केलेलं डी२ हेच पुढे गेलेल्या पण काढता येण्याजोग्या कॅन्सरसाठी प्रमाण मानलं जातं.

त्याच्याही पुढे जाऊन महाधमनीजवळच्या ग्रंथी सरसकट काढल्या तर? जपानमध्ये ५२३ रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि निकाल २००८ मध्ये आला. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण डी२मध्ये ६९.२ टक्के, जास्तीच्या ऑपरेशनमध्ये ७०.३ टक्के. म्हणजे फायदा शून्य.

तेव्हा ‘४५ ग्रंथी काढल्या’ ही फुशारकी ऐकली तर त्यातला खरा भाग एवढाच, की स्टेज भरवशाची आहे. जास्त ग्रंथी तपासलेले रुग्ण जास्त जगतात असं अनेक अभ्यासांत दिसतं, पण त्यात स्टेज सरकण्याचाही वाटा असतो (प्रश्न ५).

१०. सगळ्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या, पण एकूण १०च होत्या. आनंद मानावा की नाही?

मानावा, पण जरा हात राखून. नियमानुसार ग्रंथी कमी तपासल्या असल्या तरी सगळ्या स्वच्छ असतील तर एन०च लिहितात. त्यामुळे ‘१० पैकी ०’ आणि ‘४० पैकी ०’ रिपोर्टात सारखेच दिसतात. पुराव्याचा जोर मात्र सारखा नाही.

कॅन्सर जठराच्या अगदी वरच्या अस्तरापुरता असेल तर ग्रंथी बाधित असण्याची शक्यता मुळातच फार कमी असते, तेव्हा १० स्वच्छ ग्रंथींनीही बऱ्यापैकी धीर येतो. तोच कॅन्सर टी३ किंवा टी४ असेल तर न सापडलेल्या ग्रंथींत काही दडलं असण्याची शंका रास्त आहे. अशा वेळी डॉक्टर स्टेजमध्ये अक्षरशः न अडकता पुढच्या उपचारांकडे झुकू शकतात (प्रश्न १३).

११. बाधित भागिले एकूण, हे प्रमाण एनपेक्षा चांगलं नाही का?

कल्पना चांगली आहे. ८ पैकी २ म्हणजे २५ टक्के आणि ४० पैकी २ म्हणजे ५ टक्के. टीएनएम दोन्हींना एन१ म्हणतं. ग्रंथी कमी तपासल्या गेल्या असतील तेव्हा हे प्रमाण निकालाचा अंदाज जास्त नीट देतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

अडचणी दोन. किती टक्क्यांवर धोका वाढला म्हणायचा याची सर्वमान्य रेषा नाही. प्रत्येक अभ्यासाची वेगळी. आणि बाधित शून्य असतील तर प्रमाणही शून्यच, मग ५ तपासा की ५०. ही दुसरी अडचण टाळायला संशोधकांनी लॉग ऑड्स काढले. त्यात बाधित आणि स्वच्छ दोन्ही आकड्यांत अर्धा मिळवून भागाकार करतात आणि त्याचा लॉगरिदम घेतात. ५ पैकी ० असेल तर भागाकार ०.०९ येतो, ५० पैकी ० असेल तर ०.०१. फरक दिसू लागतो.

माझं मत विचाराल तर रिपोर्ट वाचताना हे प्रमाण मनात जरूर काढावं, पण उपचार अजून टीएनएमवरच ठरतात, तेव्हा त्यावरून स्वतःची वेगळी स्टेज बनवू नये.

१२. ऑपरेशनआधी केमो झाली होती. तरी हेच आकडे लागू होतात का?

एनच्या मर्यादा त्याच, पण रिपोर्टमध्ये आधी ‘वायपी’ (yp, म्हणजे केमोनंतरची तपासणी) लागतं आणि स्टेजचा तक्ता वेगळा असतो. प्रश्न ६ मधली टक्केवारी इथे लावू नका.

केमोनंतर ग्रंथी आकसतात, काही जागी नुसता व्रण उरतो, त्यामुळे त्या शोधणं कठीण जातं. तरी १६चं लक्ष्य सोडायचं नसतं. ग्रंथीत जिवंत पेशी नाहीत पण व्रण आहे, असं लिहिलं असेल तर तिथे पूर्वी कॅन्सर असावा आणि केमोने तो मेला असावा, असा अर्थ निघतो. ती ग्रंथी बाधित मोजत नाहीत.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो देऊन पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘मॅजिक’ चाचणीतल्या रुग्णांचा मागाहून अभ्यास झाला, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. केमोने मूळ गाठ किती विरघळली यापेक्षा ग्रंथी स्वच्छ निघाल्या की नाही, यावरून पुढच्या आयुष्याचा अंदाज जास्त नीट बांधता येत होता. ‘गाठ फारशी आटली नाही’ हे वाचून हातपाय गाळणाऱ्यांनी म्हणून ग्रंथींची ओळही वाचावी.

१३. ग्रंथींच्या आकड्यावरून केमो ठरते का?

बऱ्याच अंशी. आधी केमो न घेता डी२ झालं आणि स्टेज २ किंवा ३ निघाली, तर ऑपरेशननंतरच्या केमोचा फायदा दोन मोठ्या चाचण्यांत दिसला. जपानच्या चाचणीत एस-१ हे औषध वर्षभर दिल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ६१ वरून जवळपास ७२ टक्क्यांवर गेलं. दुसरी चाचणी कोरिया, चीन आणि तैवानमधली, कॅपेसिटाबिन आणि ऑक्सालिप्लॅटिनची.

डी२पेक्षा कमी विच्छेदन झालं असेल, म्हणजे ग्रंथी कमी काढल्या असतील, तर किरणोपचारांचा विचार पुढे येतो. २००१ मध्ये अमेरिकेत ज्या चाचणीने केमो-किरणोपचारांचा फायदा दाखवला, त्यातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांचं विच्छेदन डी१इतकंही नव्हतं. पूर्ण डी२ झालेल्यांत, ग्रंथी बाधित असूनही, केमोला किरणोपचारांची जोड देऊन फायदा वाढल्याचं कोरियातल्या पुढच्या चाचणीत दिसलं नाही.

वय, प्रकृती, ऑपरेशनमधून सावरण्याचा वेग आणि एमएसआयसारखी (गाठीच्या डीएनएतल्या दुरुस्तीची खोट शोधणारी) तपासणी, हे सगळं यात धरलं जातं.

१४. सीटी स्कॅनमध्ये ग्रंथी स्वच्छ होत्या, मग रिपोर्टमध्ये बाधित कशा?

सीटीला आकार दिसतो, पेशी दिसत नाहीत. चार मिलिमीटरच्या ग्रंथीतला कॅन्सर निसटतो, आणि नुसत्या सुजेने फुगलेली ग्रंथी संशयित ठरते. दोन्ही रिपोर्ट जुळले नाहीत तर सूक्ष्मदर्शकाचा ग्राह्य.

१५. जुन्या लेखात ५ बाधित ग्रंथी म्हणजे एन१ लिहिलंय, आमच्या रिपोर्टात एन२. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. १९९७ पासूनच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीत १ ते ६ म्हणजे एन१, ७ ते १५ म्हणजे एन२ असं होतं. सातव्या आवृत्तीत, २०१० पासून, आजच्या मर्यादा आल्या. आठवीत एन३ए आणि एन३बी यांना स्टेजमध्ये वेगळं स्थान मिळालं. त्याहून जुन्या जपानी लेखांत तर एन आकड्यावर नाही, ग्रंथीच्या जागेवर ठरायचा.

१६. ग्रंथी काढल्याने प्रतिकारशक्ती कमी होते का? पाय सुजतात का?

शरीरात शेकडो ग्रंथी असतात. जठराभोवतीच्या गेल्याने प्रतिकारशक्ती ढासळत नाही. हातापायांचा निचरा या ग्रंथींतून होत नाही, त्यामुळे स्तनाच्या ऑपरेशननंतर हाताला येते तशी सूज इथे अपेक्षित नसते. इथले धोके वेगळे: स्वादुपिंडाचा रस पाझरणं, पोटात लसिकाद्रव साचणं, रक्तस्राव.

१७. ‘सूक्ष्म प्रसार’, ‘ट्यूमर डिपॉझिट’, ‘ग्रंथीबाहेर वाढ’ हे कसं मोजतात?

ग्रंथीतला कॅन्सरचा ठिपका ०.२ ते २ मिलिमीटर असेल तर तो सूक्ष्म प्रसार. ग्रंथी बाधित धरली जाते. ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून लहान, म्हणजे सुट्या पेशी, असतील तर एन०च राहतो, फक्त तशी नोंद होते.

जठरालगतच्या चरबीत कॅन्सरचा ठिपका आहे पण ग्रंथीचा मागमूस नाही, असा डिपॉझिट जठराच्या कॅन्सरमध्ये एक बाधित ग्रंथी म्हणूनच मोजतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये नियम वेगळा आहे, तिथलं वाचून इथे लावू नका. कवच फोडून ग्रंथीबाहेर आलेला कॅन्सर एन बदलत नाही, पण ते चांगलं लक्षण नाही.

१८. दुर्बिणीतूनच (एंडोस्कोपीने) गाठ काढली, ग्रंथी काढल्याच नाहीत. मग धोका कसा ठरवायचा?

इथे आकडाच नसतो, म्हणून गाठीवरूनच अंदाज बांधतात: खोली, आकार, पेशींचा प्रकार, अल्सर आहे का, आणि लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का. अस्तरापुरती, दोन सेंटिमीटरपर्यंतची, पेशींची ठेवण शाबूत असलेली आणि अल्सर नसलेली गाठ पूर्ण निघाली असेल तर ग्रंथींतला धोका नगण्य धरतात. वाहिन्यांत पेशी दिसल्या किंवा खोली जास्त निघाली तर ग्रंथींसह ऑपरेशन सुचवलं जातं. अशा ऑपरेशननंतर बऱ्याच जणांच्या ग्रंथी स्वच्छ निघतात. ऑपरेशन वाया गेलं असं तेव्हा वाटतं, पण ते आधी कळण्याचा खात्रीचा मार्ग नाही.

१९. गाठ अन्ननलिका आणि जठराच्या सांध्यावर होती. कुठला तक्ता बघायचा?

गाठ सांध्यापर्यंत पोचली असेल आणि तिचा मध्य सांध्यापासून दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर अन्ननलिकेचा तक्ता, नाहीतर जठराचा. एन१ आणि एन२च्या मर्यादा दोन्हीकडे सारख्या आहेत. अन्ननलिकेत ७ पासून पुढे सगळं एन३, त्यात ए-बी नाही. स्टेज मात्र वेगळी निघते, म्हणून रिपोर्टमध्ये कुठला तक्ता वापरला ते विचारा.

२०. पूर्वी अल्सरसाठी अर्धं जठर काढलं होतं, आता उरलेल्या भागात कॅन्सर निघाला. १६ ग्रंथी मिळाल्याच नाहीत.

बहुधा मिळणारही नाहीत. पहिल्या ऑपरेशनमध्ये काही ग्रंथी निघून गेलेल्या असतात, लसिकेचे मूळ मार्ग तुटलेले असतात आणि व्रणांमुळे उरलेल्या ग्रंथी शोधणं अवघड असतं. इथे कमी आकडा म्हणजे हलगर्जीपणा असं समजू नये. नवे मार्ग मात्र तयार झालेले असू शकतात: पूर्वी जठर लहान आतड्याला जोडलं असेल तर त्या जोडाजवळच्या आतड्याच्या पडद्यातल्या ग्रंथींतही कॅन्सर जाऊ शकतो. एरवी त्या परिसराबाहेरच्या धरल्या जातात (प्रश्न ३), पण या रुग्णांत त्या परिसरातल्याच मोजतात. ऑपरेशन नोटमध्ये त्या काढल्याचा उल्लेख आहे का ते सर्जनना विचारा, आणि जुन्या ऑपरेशनचे कागद मिळाले तर पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचवा. जोड कुठे होता हे त्यांना त्यावरूनच नेमकं कळतं.